साखळीतली तुझी जागा

इस्तेर,

तुझ्या मातीच्या वेळी मी केलेली प्रार्थना वहीतली होती. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं बोलता येईल.

पाळकसाहेबांनी वाचन आटोपलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता आपण प्रार्थना करा." मी डोळे मिटले आणि निळ्या वहीतली दफनाची प्रार्थना सुरू केली. ती मी आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या हेडमास्तरांसाठी लिहिली होती, सहा-सात वर्षांपूर्वी. त्यांच्या नावाच्या जागी तुझं नाव घातलं, 'बंधू'च्या जागी 'भगिनी' केलं, आणि निघाले. शब्द नेहमीसारखे सुरेख पडत होते. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं जिथल्या तिथं. आणि शेवटाकडे मी म्हणाले, "प्रभू, तिच्यामागे राहिलेल्या तिच्या लेकरांचं, सुनांचं, नातवंडांचं सांत्वन कर."

तुझ्या सुना आणि नातवंडं! लग्नानंतर दीड वर्षात नवऱ्यानं टाकलेली तू, तुझ्यामागे राहिले कोण तर मी, एक पत्र्याची ट्रंक आणि तुझा तो पाटा-वरवंटा. साठ-सत्तर माणसं उभी होती. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. फाटकापाशी दोघीजणींनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "काय प्रार्थना केलीत हो बाई, पाणी आलं डोळ्यांत." एवढ्या माणसांत ते वाक्य ऐकणारी एकच होती, आणि तिच्यावर लोक माती टाकत होते.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. काल गुरुवार होता, म्हणजे बायकांची सभा. कालचं शेवटी सांगते. आधी मला तुझ्याशी आपलं जुनं भांडण पुरं करायचं आहे. तू नेहमी अर्ध्यात उठून चहा टाकायचीस, आता तुला उठता येणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तू येवल्याकडून आलीस. जनाना दवाखान्यात आयाचं काम मिळालं होतं, राहायला जागा नव्हती. आमच्या वसतिगृहाच्या मेट्रननं तुला माझ्या दारात आणून उभं केलं. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे बाई, तुमची मागची खोली तशी रिकामीच आहे." मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, पस्तिशी ओलांडलेली, एकटी राहून राहून शिस्तीची झालेली बाई. मी तुला दारातच नियम सांगितले. चपला बाहेर, रॉकेलचा स्टो मी स्वतः पेटवणार, सकाळी माझ्या वाचनाच्या वेळी आवाज नको. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बाई, माझा पाटा कुठं ठेवू?" दोन महिन्यांची चौदा वर्षं झाली. त्यात एकेक नियम तू कसा मोडलास ते मला कळलंसुद्धा नाही.

चारचौघांत तू मला 'बाई' म्हणायचीस. घरात रागावलीस की 'सुले'. मला 'सुले' म्हणणारं आता पृथ्वीच्या पाठीवर कोणी उरलं नाही. मनमाडचा माझा भाऊसुद्धा 'ताई' म्हणतो.

एक नियम तेवढा तुझ्याकडून कधी पाळला गेला नाही, तो आवाजाचा. मी इकडे टेबलाशी बायबल उघडून बसायची आणि तिकडे तू भाकऱ्या थापताना पुटपुटत असायचीस. मी आतून ओरडायची, "कोणाशी बोलतेस?" तू म्हणायचीस, "कोणाशी नाय." मी सांगायची, स्वतःशी बडबडायची सवय चांगली नाही, माणसं वेडी समजतील. तू "बरं" म्हणायचीस. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मी वैतागून दार ओढून घ्यायची, कारण मला प्रार्थना करायची असे.

आता साखळीकडे येते.

गुरुवारी चारला आपण देवळाशेजारच्या खोलीत सतरंजीवर गोल बसायचो. पंधरा-वीस बायका, एकमेकींचे हात धरलेले. एकीनं सुरुवात करायची, आपली प्रार्थना संपली की डावीकडच्या बाईचा हात दाबायचा, म्हणजे तिनं सुरू करायचं. जिला मोठ्यानं बोलायचं नसेल तिनं काही न बोलता पुढचीचा हात दाबायचा. कोणी डोळे उघडत नाही, कोणी कोणाला विचारत नाही. नवीन सुना, लाजऱ्या मुली अशाच हात दाबून मोकळ्या होतात. पहिल्या गुरुवारी मी तुला माझ्या उजवीकडे बसवलं, म्हणजे तू काही चुकलीस तर पाठोपाठ मला सावरून घेता यावं. कुठल्याही नव्या मुलीला मी पहिल्या बाकावर बसवते, तसं.

तू हात दाबशील असंच मी धरून चालले होते. तू तोंड उघडलंस.

"देवा, पाच नंबरच्या कॉटवर एक म्हातारी हाय. लय चांगली हाय. तिची सून तिला डबाच आणत नाय. काल मी माझी भाकरी दिली, पण आज माझी ड्यूटी नाय. तर तिच्या सुनेला जरा आठवण कर. म्हातारीला मेथीची भाजी आवडती. आमेन."

गोलातले सगळे डोळे उघडले. तुझ्या उजवीकडे, तुझा हात धरून, बसली होती ती सून. सिंधू. नुकती लग्न होऊन आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. तिचा चेहरा मला अजून दिसतो. दोन बायका पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. मी घाईघाईनं माझी प्रार्थना सुरू केली आणि तिथं जे काही सांडलं होतं त्यावर पुष्कळ मोठे मोठे शब्द पसरले.

घरी येताना मी तुला रस्ताभर फैलावर घेतलं. "इस्तेर, प्रार्थना म्हणजे चावडी नव्हे. देवापुढं लोकांच्या घरातल्या गोष्टी काढतात का? त्या मुलीला काय वाटलं असेल?"

"मला काय ठाऊक ती सून हाय म्हणून?"

"ठाऊक नसलं तरी! देवाशी बोलण्याची एक रीत असते. त्याचा गौरव करायचा, उपकार मानायचे, मग मागणं. तू तर निरोप्याला निरोप सांगावा तसं बोललीस. मेथीची भाजी म्हणे!"

तू चालता चालता थांबलीस. "मग म्हातारीला काय आवडतं ते त्याला सांगायचं नाय?"

मी म्हणाले, "सगळ्या हसल्या तुला." हे मी म्हणाले, इस्तेर. हसल्या होत्या दोघीच. मी 'सगळ्या' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सिंधू दवाखान्यात डबा घेऊन गेली, हे तू मला सांगितलंस. मेथीची भाजी होती का, हे मी विचारलं नाही. आणि पुढच्या गुरुवारी तुझी वेळ आली तेव्हा तू काही न बोलता माझा हात दाबलास. त्याच्या पुढच्या गुरुवारी तसंच. त्यानंतर चौदा वर्षं मी तुझा आवाज त्या गोलात ऐकला नाही.

गंमत बघ, वर्ष-दोन वर्षांत मी ते पार विसरून गेले. तुझं तोंड मीच बंद केलं होतं हे विसरून मी तुलाच नावं ठेवायला लागले. इतकी वर्षं येते, पण चार शब्द बोलेल तर शपथ. पाळकसाहेबांच्या बायकोलाही मी म्हणाले होते, "इस्तेर मनानं चांगली आहे हो, पण तिला प्रार्थनेचं वळण नाही." वळण! मराठीच्या बाईंना कशाकशात वळण दिसतं.

माझं वळण म्हणजे निळी वही. बुधवारी संध्याकाळी मी तीत गुरुवारची प्रार्थना लिहून काढायची. आधी कच्ची, मग पक्की. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी, सातपूरच्या कारखान्यांत संपावर गेलेल्या आपल्या लोकांसाठी, पावसासाठी. मग ती पाठ करायची. लोकांना वाटायचं बाईंना देवानं देणगी दिली आहे. मलाही तसंच वाटायचं. तू केर काढताना वहीच्या भोवतीनं झाडू फिरवायचीस आणि कधी तिला हात लावायची नाहीस. एकदाच विचारलंस, "बाई, देव काय परीक्षा घेतो का गं?" मी म्हणाले, "राजाकडे जायचं तर माणूस कपडे नीट करून जातो." तू म्हणालीस, "आणि आईकडं जायचं तर?" मग तू दूध उतू जातंय म्हणून पळालीस. तेही भांडण अर्धंच राहिलं.

आता प्रमिलाचं. ते मला लिहवत नाही, पण तू समोर असतीस तर मी ते टाळलं असतं, म्हणून लिहिते.

प्रमिला आपल्याच मंडळीतली, माझी विद्यार्थिनी. बाळंतपणानंतर तिला ताप चढला होता. चार दिवस ती तुमच्या दवाखान्यात होती आणि सगळी मंडळी तिच्यासाठी उपास करत होती. बुधवारी मी जीव ओतून लिहिलं. खरंच ओतून, ते खोटं नव्हतं. गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना मी खोलीच्या दारात उभी राहून मनातल्या मनात सगळं एकदा म्हणून बघत होते. तेवढ्यात तू ड्यूटीवरून तशीच आलीस, अंगावर पांढरी साडी, धापा टाकत.

"बाई, ऐक ना."

मी बोट वर केलं. वर्गात मुलींना करते तसं. "नंतर."

"बाई, अगं..."

"नंतर म्हटलं ना इस्तेर, माझं मोडतं मग."

तू आत येऊन आपल्या जागेवर बसलीस. साखळी फिरत आली. सिंधूची झाली. तुझी वेळ आली आणि तू माझा हात दाबलास, पण सोडला नाहीस. घट्ट धरून ठेवलास, नखं रुतेपर्यंत. मला वाटलं, ही आज असं काय करते आहे? मी हिसका देऊन हात मोकळा केला आणि सुरू केलं. प्रभू, तुझ्या लेकीला उठून बसव. तिच्या कुशीत तिचं बाळ दे. पुढच्या रविवारी तिला तुझ्या घरात उभी कर, म्हणजे आम्ही सगळे तुझं नाव गाऊ. चार मिनिटं तरी चाललं असेल. बायका हुंदके देत होत्या. "आमेन" इतकं मोठं झालं की बाहेर खेळणारी पोरं दाराशी येऊन बघायला लागली.

मग तू डोळे उघडलेस आणि खाली बघत म्हणालीस, "प्रमिला गेली. दुपारी तीनला. मीच होते तिच्यापाशी."

त्या दिवशी घरी मी तुला जे बोलले ते तुला पाठ असेल. मला तोंडघशी पाडलंस. चारचौघांत माझं हसं केलंस. तू स्टोपाशी उकिडवी बसून होतीस, पांढरी साडी बदललेली नव्हती.

"मी दारात सांगत होते."

"मग आत सांगायचं होतं! मी बोलायला लागल्यावर थांबवायचं होतं मला!"

"तू देवाशी बोलत होतीस ना?" तू अगदी शांतपणे विचारलंस. "त्याला ठाऊक होतं ती गेली ते. त्याच्याशी बोलत होतीस, तर मग तुला कसं कळलं नाय, सुले?"

मला इतका राग आला की मी हातातली बशी आपटली. "तू मला शिकवणार? चौदा वर्षं नुसता हात दाबतेस तू! एक शब्द तरी काढलास का कधी देवापुढं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. काही बोलशील असं वाटलं. मग फुटक्या बशीचे तुकडे वेचायला लागलीस. आपण आठ दिवस बोललो नाही. मला वाटत होतं, मी बिनतोड बोलले आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं.

इस्तेर, एका वाक्यात उत्तर देता आलं असतं तुला. 'तूच बंद केलंस,' एवढंच. का दिलं नाहीस? मला लागेल म्हणून? त्या दिवशी मला लागायलाच हवं होतं.

त्यानंतर चार महिन्यांत तुझं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात काम करणारी माणसं स्वतःचं दुखणं कशी लपवतात ते मी पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुला मागच्या खोलीतून पुढं आणलं, खिडकीखाली कॉट टाकली. मी शाळेतून मधल्या सुट्टीत धावत यायची. तू म्हणायचीस, "पळू नको, पडशील, मग दोघींना कोण बघंल?"

तो रविवार. मी उपासनेहून आले होते, ऊन खिडकीतून तुझ्या पायांवर आलं होतं. तू म्हणालीस, "बाई, माझ्यासाठी प्रार्थना कर ना."

मी वही घ्यायला उठले.

"वही नको."

मी बसले. तुझा हात हातात घेतला. किती हलका झाला होता. डोळे मिटले. 'हे सर्वसमर्थ' एवढे दोन शब्द तोंडाशी आले आणि ते मला इतके परके वाटले की मी ते गिळले. दुसरे शोधले, ते सापडेनात. मला म्हणायचं होतं, हिला नेऊ नकोस. पण तू किती दुखणं सोसत होतीस ते मला दिसत होतं, मग ते म्हणवेना. ने, असं तर म्हणवतच नव्हतं. तिशीपासून लोकांसाठी प्रार्थना करत आलेली मी, तशीच बसून राहिले. घड्याळ वाजत होतं. शेवटी काही सुचेना तेव्हा मी तुझा हात दाबला.

तू हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. "आत्ता गं माझी बाई!" म्हणालीस, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग म्हणालीस, "चहा टाक."

मी चहा टाकायला उठले. इस्तेर, ती चूक झाली. मी हात दाबला म्हणजे पुढची वेळ तुझी होती. मी तिथंच बसून राहायला हवं होतं. तू काहीतरी बोलली असतीस. मला ते ऐकायला मिळालं असतं. त्याऐवजी मी स्वयंपाकघरात जाऊन आलं किसत बसले, आणि बुधवारी सकाळी मी शाळेत चाचणीचे पेपर वाटत असताना तू गेलीस.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सिंधू आली. आता तिला दोन मुलं आहेत, सासू केव्हाच गेली. तिच्या हातात डबा होता. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी. मी तिला म्हणाले, "बस." ती खाली बसली आणि तुझ्या पाट्याकडे बघून रडायला लागली.

"मावशीची प्रार्थना लय आठवती, बाई."

मी म्हणाले, "प्रार्थना? ती कुठं करायची?"

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग बिचकत बिचकत सांगितलं. मे महिन्यात मी मनमाडला भावाकडे जाते, ते चार-पाच गुरुवार. त्या गुरुवारी तू बोलायचीस, दर वर्षी. कोणाची म्हैस, कोणाच्या मुलीचं स्थळ, दवाखान्यातल्या कॉटचे नंबर. बायका मे महिन्याची वाट बघायच्या म्हणे. माझ्यापासून हे चौदा वर्षं लपून राहिलं, एवढ्या बायकांत एकीनंही सांगितलं नाही. मला काय समजत असतील त्या?

"मी एकदा विचारलं मावशीला," सिंधू म्हणाली, "बाई असल्यावर का नाय करत? तर म्हणली, बाईला लाज वाटती माझी. तिला कशाला त्रास?"

मी उठून खिडकी लावली. सिंधूला वाटलं मला राग आला. ती घाईनं म्हणाली, "तुमच्यासाठी पण करायची ना, बाई. दर वेळेला. शेवटी तुमचंच."

"काय म्हणायची?"

सिंधूनं डोळे मिटले, जणू त्याशिवाय आठवणार नाही. "म्हणायची, देवा, माझी बाई तुझ्याशी बोलायला घाबरती. म्हणून लिहून आणती बिचारी. तू रागावू नको. एक दिवस ती तशीच येईल, तोवर जरा दम धर."

सिंधू गेल्यावर मी तो डबा उघडला नाही. संध्याकाळी उघडला. भाजी गार झाली होती, ती सगळी खाल्ली.

घाबरते. मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. मला कडक म्हणत, विद्वान म्हणत, माझ्यामागे आणखी काय काय म्हणत असतील. तू एकटीनं ओळखलंस आणि मला सोडून सगळ्यांसमोर देवाला सांगितलंस. आधी मला तुझा भयंकर राग आला. दोन दिवस तुझ्या ट्रंकेकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मग राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट आहे, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. तुझ्याशी बोलून मोकळं व्हावं असं आहे ते, आणि तू नाहीस. मला तुझी लाज वाटत नव्हती, इस्तेर. वाटत होती. आधी वाटत होती. नंतरची बरीच वर्षं नाही वाटली, पण ते मी तुला सांगितलं नाही.

आता कालचं.

काल मी वही घरी ठेवून गेले. मुद्दाम नव्हे. बुधवारी लिहायला बसले होते, एक ओळ लिहिली, ती खोडली आणि दिवा घालवला. खोलीत बायका बसल्या होत्या. माझी जागा ठेवली होती आणि माझ्या उजवीकडची तुझीही. सतरंजीचा तेवढा तुकडा रिकामा होता. तिथं बसायला कोणाचं मन झालं नाही, आणि 'सरकून बसा' म्हणायलाही कोणी पुढं झालं नाही. एरवी ते मीच म्हणते.

साखळी सुरू झाली. मी डोळे मिटून ऐकत होते. एकेक आवाज जवळ येत गेला. सिंधूचा आला. ती मुलांच्या शाळेचं काहीतरी म्हणाली, "आमेन" म्हणाली, आणि थांबली. तिला हात दाबायला तुझा हात नव्हता. माझा हात दाबायला तू नव्हतीस. माझा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि खरं सांगते, मी वाट बघत होते. चौदा वर्षांची सवय. तू दाबल्याशिवाय मला सुरूच करता येत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर रस्त्यानं मोटरसायकली जात होत्या. एकजण खाकरली. कोणीही डोळे उघडले नाहीत, हे मला ठाऊक आहे, कारण मी उघडून बघितलं.

मग मी बोलले. आवाज माझा नेहमीचा नव्हता.

"देवा, आता इस्तेरचा नंबर आहे. ती नाही. घरी पण नाही."

पुढं काही आलं नाही. बायका थांबून राहिल्या. बाईंची प्रार्थना एवढ्यात संपत नसते, हे त्यांना ठाऊक. मी "आमेन"सुद्धा म्हणाले नाही. डावीकडच्या बाईचा हात दाबला. तिला कळेना, तिनं हात तसाच ठेवला. मी पुन्हा दाबला.

जाताना फाटकापाशी कोणी माझं कौतुक केलं नाही. सिंधू माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली आणि तिच्या रस्त्याला वळली.

आज सकाळी मी स्टो पेटवला. पिन घातली, पंप मारला, दोनदा विझला. सवयीनं दोन कप पाणी टाकलं, मग एक कप काढून पुन्हा पिंपात ओतलं. हे करत असताना मी काहीतरी बोलत होते. बराच वेळ बोलत असले पाहिजे, कारण चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एकदम गप्प झाले आणि पुढच्या खोलीकडे पाहिलं.

"कोणाशी बोलतेस?" असं विचारायला तिथं कोणी नव्हतं.